आफ्रिकी कथा वाचताना: परंपरा, आधुनिकता आणि ‘मी कोण’ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा एक छोटा वाचनगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी सातआठ जण जमतो, एक कथा मोठ्याने वाचतो आणि मग तिच्यावर बोलत बसतो. मधली दोन वर्षं आम्ही फक्त आफ्रिकी लेखकांच्याच कथा वाचल्या. गटात नव्याने येणारे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. कथांची मूळ नावं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे शोधायला सोपं जाईल.

‘आफ्रिकी कथा’ असं एकच काही असतं का?

नसतं. पन्नासहून जास्त देश आणि त्यांत बोलल्या जाणाऱ्या शेकडो भाषा. नायजेरियातल्या इग्बो माणसाला केनियातला गिकुयू माणूस आपल्याला पोर्तुगीज माणूस जितका परका, तितकाच परका असू शकतो. मी इथे नायजेरिया, घाना, केनिया, सुदान, बोट्सवाना आणि मोझांबिक इथल्या मोजक्या कथांबद्दल बोलते आहे, कारण त्या आम्ही नीट, दोनदोनदा वाचल्या आहेत. खंडाबद्दल सरसकट विधान करायचा मोह झालाच, तर हातातल्या कथेतल्या गावाचं नाव पुन्हा एकदा वाचावं.

‘वसाहतोत्तर’ म्हणजे स्वातंत्र्यानंतर लिहिलेलं, एवढंच ना?

एवढंच नाही. सुदान १९५६ मध्ये स्वतंत्र झाला, घाना १९५७ मध्ये, नायजेरिया १९६० मध्ये, केनिया १९६३ मध्ये, बोट्सवाना १९६६ मध्ये, मोझांबिक तर थेट १९७५ मध्ये. या विषयावरची खूप वाचली जाणारी एक कथा, नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची ‘डेड मेन्स पाथ’, मात्र १९५३ ची आहे, म्हणजे नायजेरियावर ब्रिटिशांचं राज्य असतानाची. झेंडा कधी बदलला याच्याशी या शब्दाचा संबंध थोडाच. परक्या सत्तेने शाळा, चर्च, कोर्ट आणि पगार यांच्यामार्फत माणसाच्या मनात जी मोजपट्टी बसवली, तिच्याशी चाललेला झगडा असा त्याचा अर्थ घ्यावा. सत्ता गेली तरी ती मोजपट्टी घरात राहते आणि बहुतेक कथा तिच्याबद्दलच आहेत.

सुरुवात कुठल्या कथेपासून करू?

चिनुआ अचेबे यांच्या ‘डेड मेन्स पाथ’ पासून. आपण तिला ‘मेलेल्यांची वाट’ म्हणू. चारपाच पानांची कथा आहे, पण आम्हाला तिच्यावर दोन रविवार पुरले नाहीत.

जानेवारी १९४९. मायकेल ओबी हा सव्वीस वर्षांचा तरुण एनदुमे गावच्या मिशन शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळा मागासलेली म्हणून ओळखली जाते आणि तिला पुढे आणायची हौस त्याच्या अंगात मावत नाही. त्याची बायको नॅन्सीही तितकीच उत्साही. शिकवणं उत्तम व्हावं आणि आवार सुंदर दिसावं ही दोघांची स्वप्नं. आवाराला जास्वंद आणि अलामांडाचं लाल-पिवळं कुंपण लागतं, वाफे तयार होतात.

एके संध्याकाळी ओबीला दिसतं, की गावातली एक म्हातारी लंगडत लंगडत थेट आवारातून चालली आहे. झेंडूच्या वाफ्यातून, कुंपणातून. तो जाऊन बघतो तर तिथे एक पुसट पायवाट आहे. फारशी वापरात नसलेली, पण पुसूनही न गेलेली. एक जुना शिक्षक सांगतो की ही वाट गावाच्या देवस्थानापासून दफनभूमीपर्यंत जाते आणि मागे ती बंद करायचा प्रयत्न झाला तेव्हा मोठा गोंधळ झाला होता. ओबीला चिंता आहे ती शिक्षणाधिकाऱ्याच्या तपासणीची. वाट आवारात शिरते आणि बाहेर पडते त्या दोन्ही जागी तो जाड काठ्या रोवतो, वर काटेरी तार गुंडाळतो.

तीन दिवसांनी गावचा पुजारी भेटायला येतो. म्हातारा, किंचित वाकलेला, हातात जाड काठी. प्रत्येक नवा मुद्दा मांडताना तो ती जमिनीवर आपटतो. तो सांगतो की गावाचं सगळं जगणं या वाटेवर आहे. मेलेले नातेवाईक या वाटेने जातात, पूर्वज याच वाटेने भेटायला येतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जन्माला येणारी मुलं याच वाटेने येतात. ओबी हसून ऐकतो. असल्या समजुती काढून टाकण्यासाठीच तर शाळा आहे, असं म्हणतो. मेलेल्यांना पायवाटा लागत नाहीत. पूर्वजांना थोडा वळसा पडला तर काय झालं? त्यावर पुजारी म्हणतो ती इग्बोंमधली जुनी म्हण आहे: घारही बसू दे, गरुडही बसू दे. आणि, आता माझं बोलून झालं, एवढं म्हणून निघून जातो.

दोन दिवसांनी गावात एक तरुण बाई बाळंतपणात दगावते. देवऋषी सांगतो की कुंपणाने पूर्वजांचा अपमान झाला आहे, मोठी शांत करावी लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ओबी उठतो तेव्हा कुंपण उपटलेलं, फुलं तुडवलेली आणि शाळेची एक इमारत पाडलेली असते. नेमका त्याच दिवशी गोरा अधिकारी तपासणीला येतो आणि नव्या मुख्याध्यापकाच्या भलत्या उत्साहावर कडक शेरा मारून जातो.

म्हणजे अचेबे परंपरेच्या बाजूचे आहेत, असंच ना?

हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ ही मांडणी तिथेच तुटते.

पुन्हा बघा. पुजारी शाळा बंद करा म्हणत नाही. शाळेवर त्याचा राग नाही, आणि त्याच्या म्हणीत दोघांनाही फांदी आहे. हट्टाला पेटलाय तो ओबी. ‘आधुनिक’ हा शब्द तो जसा वापरतो त्याला मी तरी आधुनिक म्हणणार नाही. प्रश्न विचारणं, पुरावा तपासणं, समोरच्याचं ऐकून घेणं यातलं तो काहीच करत नाही. त्याच्याकडे फक्त वरच्या साहेबाला दाखवायचं एक सुंदर आवार आहे. आणि तो साहेब शेवटी येऊन त्यालाच दोषी ठरवतो. ज्याच्या नजरेत चांगलं दिसावं म्हणून वाट बंद केली, त्या नजरेला शाळा आणि गाव यांच्यातली भांडणं म्हणजे रानटी लोकांचं युद्ध वाटतं. माझ्या मते कथेतला खरा काटा तोच आहे.

आमच्या गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात. कथा वाचून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला या मुलाचा राग येत नाही. तपासणीच्या आदल्या आठवड्यात मीसुद्धा आवारातून जाणाऱ्या बायकांना हटकलं आहे.” ओबीकडे बघायची ही दृष्टी मला त्यांच्याकडून मिळाली. तो दुष्ट नाही. दुसऱ्याने आखून दिलेल्या चौकटीत पहिला नंबर मिळवायला निघालेला तो एक हुशार मुलगा आहे.

आता अचेबे यांचीच दुसरी कथा घ्या, ‘मॅरेज इज अ प्रायव्हेट अफेअर’. लागोसमध्ये नोकरी करणारा इग्बो तरुण एनएमेका एका इबिबियो मुलीशी, नेनेशी, लग्न ठरवतो. गावाकडे वडील ओकेके भडकतात. आपल्या समाजाबाहेरची मुलगी, शिवाय शिक्षिका! इथवर गोष्ट ओळखीची वाटते. पण वडील आधार कशाचा देतात? सेंट पॉलच्या पत्राचा. बायकांनी गप्प राहावं असं त्यात लिहिलं आहे, मग ही शिकवते कशी? त्यांनी मुलासाठी निवडलेली मुलगीही कॉन्व्हेंटमध्ये तयार झालेली आहे. शेजारी जडीबुटीचा उपाय सुचवतात तेव्हा हेच वडील तो अंधश्रद्धा म्हणून उडवून लावतात. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणून हात लावतो, तिच्यात मिशनरी येऊन बसलेला आहे आणि आता तोही घरचाच झालेला आहे.

या कथेची आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९५२ मध्ये इबादानच्या विद्यापीठाच्या नियतकालिकात ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचं नाव ‘जुन्या व्यवस्थेचा नव्या व्यवस्थेशी संघर्ष’ अशा अर्थाचं होतं. पुढे अचेबेंनी ते बदललं. पाठ्यपुस्तकाला शोभेल असं ते नाव त्यांनी स्वतःच काढून टाकलं आणि लग्न, घर, बाप-मुलगा इतकंच शिल्लक ठेवलं. लग्नाच्या फोटोतून नेनेला कापून टाकणारा हा बाप शेवटी पावसाच्या रात्री नातवंडांच्या विचाराने तळमळतो. कथा त्या तळमळीची आहे.

दोन्हींना जागा आहे, असं उघड म्हणणारी एखादी कथा आहे का?

आहे, आणि ती माझी सगळ्यांत आवडती कथा आहे. सुदानचे तय्यिब सालिह यांची ‘द दूम ट्री ऑफ वद हामिद’. मूळ अरबी.

नाईलकाठचं एक गाव. तिथे दूम जातीचं ताडासारखं एक झाड आहे आणि त्याच्या पायथ्याशी वद हामिद या संताची कबर. सगळ्या गावाला स्वप्नात हे झाड दिसतं. एक म्हातारा गावात आलेल्या पाहुण्याला ही हकीकत सांगतो. अख्खी कथा त्याच्या तोंडून आहे, आपणही त्या पाहुण्याच्या शेजारी बसून ऐकतोय असं वाटतं. सरकारला त्या जागी पाण्याचा पंप बसवायचा असतो. पुढे दुसऱ्या कारकिर्दीत बोटीचा थांबा करायचा असतो. अधिकारी सांगतो की बोट बुधवारी दुपारी चार वाजता थांबेल. गावकरी म्हणतात, बुधवारी त्या वेळी आम्ही बायकांना घेऊन दर्शनाला जातो. मग तो दर्शनाचा वार बदला असं सुचवतो आणि तिथे सगळंच बिघडतं. पुढे राजकारण त्यात शिरतं, झाडाचं निशाण होतं, सरकारं बदलतात.

शेवटी पाहुणा विचारतो की पंप कधी बसेल. म्हातारा सांगतो, त्याचा मुलगा शहरातल्या शाळेत आहे. त्याने पाठवलेला नाही, मुलगा आपणहून पळून गेला. तो तिकडेच राहावा, परत येऊ नये, असं बापाला वाटतं. अशी मुलं वाढतील तेव्हा कदाचित पंपही येईल. मग झाड तोडतील? नाही, तोडायची गरजच नाही, कबर हलवायचीही नाही. झाड, कबर, पंप आणि बोटीचा थांबा या सगळ्यांना पुरेल एवढी जागा तिथे आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

हे वाक्य कोण बोलतो ते बघा. ज्याला मुलगा परत यायला नको आहे, तो बाप. वरवर गोड वाटणाऱ्या समेटाच्या आत एवढं दुःख ठेवणारा लेखक मला दुसरा आठवत नाही.

हे सगळं परंपरेला जरा जास्तच मऊ हाताने धरतं असं नाही वाटत? तिच्यातल्या क्रौर्याचं काय?

त्यासाठी बेसी हेड वाचा. जन्म १९३७, दक्षिण आफ्रिकेत. वर्णभेदाच्या राजवटीतून बाहेर पडून बोट्सवानातल्या सेरोवे गावात राहिल्या, तिथेच १९८६ मध्ये वारल्या. ‘द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स’ हा त्यांचा कथासंग्रह १९७७ चा.

त्यातल्या ‘लुकिंग फॉर अ रेन गॉड’ मध्ये वर्षानुवर्षांचा दुष्काळ आहे. १९५८ पासून पाऊस हुलकावणी देतो आहे. एक कुटुंब शेतावर राहायला जातं, जमीन तयार करून आभाळाकडे बघत बसतं. दोन लहान मुली चिंध्यांच्या बाहुल्यांशी खेळतात आणि मोठ्यांचंच रागावणं बाहुल्यांना ऐकवतात. घरातल्या म्हाताऱ्याला लहानपणी ऐकलेला पावसाचा एक विधी आठवतो. पुढचं मी सांगत नाही. पाऊस येत नाही, येतात ते पोलीस. फाशीची शिक्षा होते. पण हेड तिथे थांबत नाहीत. उपासमारीने माणूस कसा आतून मोडत जातो हे कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि पिकावर जगणाऱ्या प्रत्येकाला मनातून ठाऊक असतं की आपणही केसभर अंतरानेच वाचलो, असं त्या लिहितात.

तिच्याशेजारी केनियाच्या ग्रेस ओगोट यांची ‘द रेन केम’ ठेवून वाचावी. तिथेही पाऊस पडावा म्हणून एका मुलीला सरोवरातल्या राक्षसाकडे पाठवतात, आणि ती सरदाराची लाडकी लेक आहे. तिचा प्रियकर तिला वाटेतून पळवून नेतो आणि तरीही पाऊस कोसळतो. एका कथेत बळी देऊनही पाऊस नाही, दुसरीत बळी न देताही पाऊस. आपल्याकडच्या लोकगीतांत तळ्याला पाणी लागावं म्हणून सुनेचा बळी दिल्याच्या ओव्या आहेत. त्या ऐकलेल्या माणसाला या दोन्ही कथा वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

लेखिकांच्या कथांत हा झगडा वेगळा दिसतो, तो का?

कारण बाईला दोन्हीकडून हिशेब चुकवावा लागतो. बेसी हेड यांच्या शीर्षककथेत हे सरळ मांडलं आहे. नवऱ्याचा खून करून तुरुंगात आलेल्या डिकेलेडीची गोष्ट सांगता सांगता त्या थांबतात आणि पुरुष असा का झाला याचा तीन काळांतून माग काढतात. पूर्वजांच्या काळात नियम होते, शिस्त होती, पण बाईला कमी लेखण्याची चूकही तिथेच झाली. वसाहतीच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत मजुरीला गेलेले पुरुष घरापासून तुटले, कुटुंबाचा कणा मोडला. मग स्वातंत्र्य आलं. हातात एकदम पैसा आला आणि आतून पोकळ झालेल्या माणसाला तो पेलला नाही. तिन्ही काळांना त्या दोष देतात, एकालाही सोडत नाहीत. आणि त्याच कथेत शेजारचा पॉल नावाचा चांगला नवरा, चांगला माणूसही दाखवतात. असं लिहायला फार मोठं मन लागतं.

घानाच्या अमा अता ऐडू यांचा ‘नो स्वीटनेस हिअर’ हा संग्रह १९७० चा. त्यातल्या ‘एव्हरीथिंग काउंट्स’ मध्ये परदेशातून परतलेली एक तरुण प्राध्यापिका वर्गात येते आणि बघते तर प्रत्येक मुलीच्या डोक्यावर केसांचा टोप. तिच्या बरोबरीचे मुलगे तिकडे परदेशात असताना या टोपांवर तावातावाने भाषणं द्यायचे तेव्हा तिला ते फालतू वाटायचं. क्रांती काय केसांवरून होते? आता स्वतःच्या देशात ती हादरते. पण ते भाषणबाज मुलगे स्वतः कुठे आहेत? बहुतेक परतलेच नाहीत. नैतिकतेची राखण बायकांच्या डोक्यावर सोपवून ते बाहेरच राहिले.

आधुनिकतेची बाजूही ऐडू तेवढ्याच मायेने लिहितात. ‘द मेसेज’ मध्ये खेड्यातल्या म्हाताऱ्या आजीला निरोप येतो की नातीचं पोट फाडलं. ती समजते, नात गेली. मिळेल त्या गाडीत बसून, रडत, केप कोस्टच्या दवाखान्यात पोचते. नात जिवंत असते. सिझेरियन झालेलं असतं. ‘मेलेल्यांची वाट’ मध्ये बाळंतपणात गेलेली ती निनावी बाई आठवते का? मला या दोन कथा एकमेकींच्या शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

माणसांची नावं इतकी का बदलतात या कथांत?

चांगला प्रश्न. नाव हा ओळखीचा सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत दुखरा तुकडा आहे.

केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांची ‘वेडिंग ॲट द क्रॉस’ वाचा. वारिउकी हा गरीब, हसतमुख, सायकलवर कसरती करणारा मुलगा. श्रीमंत ख्रिस्ती बापाची मुलगी मिरियामू त्याच्यावर भाळते. बाप त्याचा अपमान करून हाकलतो, मुलगी त्याच्याबरोबर निघून जाते. तो अपमान वारिउकीला आयुष्यभर टोचत राहतो. तो लाकडाच्या धंद्यात पैसा करतो, चर्चला जातो आणि नाव घेतो ‘डॉज डब्ल्यू. लिव्हिंगस्टन, ज्युनियर’. मधला एकाक्षरी ‘डब्ल्यू’ म्हणजे उरलेला वारिउकी. शेवटी सासऱ्यासमोर, सगळ्या प्रतिष्ठितांसमोर, स्वतःच्याच बायकोशी चर्चमध्ये नव्याने लग्न लावायचा तो घाट घालतो. मुलं मोठी झाली आहेत, केक तयार आहे. पाद्री विचारतो आणि मिरियामू नाही म्हणते. माझं लग्न झालेलं आहे, वारिउकीशी. तो वारला.

हे आम्ही मोठ्याने वाचलं तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज अडकला होता.

उलट्या दिशेचा प्रवास नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘द हेडस्ट्राँग हिस्टॉरियन’ मध्ये आहे. न्वामग्बा ही कुंभारकाम करणारी विधवा. नवऱ्याच्या चुलत भावांनी जमीन बळकावलेली. तिला कळतं की ज्यांना गोऱ्यांची भाषा येते ते कोर्टात जिंकतात, म्हणून ती मुलाला मिशनच्या शाळेत घालते. धर्मासाठी नाही, जमिनीसाठी. जमीन मिळतेही, पण मुलगा जातो. अनिक्वेन्वाचा मायकेल होतो आणि आईच्या हातचं खायला नकार देतो. नात मात्र आजीवर जाते. आजी तिला अफामेफुना म्हणते, म्हणजे ‘माझं नाव हरवणार नाही’. चर्च तिला ग्रेस म्हणतं. ग्रेस शिकते, इतिहासकार होते, आपल्या माणसांचा इतिहास लिहिते आणि उतारवयात कोर्टात जाऊन नाव बदलून घेते: अफामेफुना. लक्षात घ्या, ज्या शाळेने मुलगा नेला त्याच शाळेने नातीच्या हातात लेखणी दिली. हा गुंता अदिची सोडवत नाहीत, आणि मला तेच बरोबर वाटतं.

हे लेखक इंग्रजीत का लिहितात?

जून १९६२ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे आफ्रिकी लेखकांची एक परिषद भरली, इंग्रजीत लिहिणाऱ्यांची. न्गुगी तेव्हा तिथे विद्यार्थी होते. त्यांच्या नावावर जेमतेम दोन छापील कथा होत्या आणि तेवढ्या बळावर त्यांना बोलावणं आलं. स्वाहिलीतले थोर कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबातले फागुन्वा मात्र त्या व्याख्येत बसत नव्हते. न्गुगींनी पुढे हे दुखणं स्वतः लिहून ठेवलं. त्यांच्या शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलांना छड्या बसत किंवा गळ्यात ‘मी गाढव आहे’ अशी पाटी लटकवली जाई. डिसेंबर १९७७ मध्ये गिकुयू भाषेतल्या एका नाटकामुळे ते तुरुंगात गेले आणि तिथे टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली.

अचेबे यांची भूमिका वेगळी होती. इंग्रजी मिळाली आहे तर ती वापरू, पण आपल्या म्हणी, आपला ठेका तिच्यात घालू. मराठी वाचकाला हा वाद परका नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने, म्हणजे साहित्याची मुळं आपल्याच मातीत आणि भाषेत शोधण्याच्या भूमिकेने, आपल्याकडे जे प्रश्न विचारले त्यांची आणि न्गुगींच्या प्रश्नांची चाल बरीच जवळची आहे. मी मनाने न्गुगींच्या बाजूची आहे, तरी अचेबेंनी इंग्रजीत लिहिलं म्हणूनच ते माझ्यापर्यंत पोचले, हे मला नाकारता येत नाही. २०१६ मध्ये ‘जलाडा’ या आफ्रिकी लेखकांच्या गटाने न्गुगींची गिकुयूतली एक छोटी कथा, माणूस दोन पायांवर चालायला कसा लागला त्याची, जगभरच्या कितीतरी डझन भाषांत नेली. तो रस्ता मला सगळ्यांत आशेचा वाटतो.

गोव्याशी काही नातं आहे का?

आहे, आणि ते फार कमी जणांना ठाऊक असतं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार पोर्तुगीज गोव्यातून चालवत. पुढेही अनेक गोवेकर तिकडे नोकरी-धंद्याला गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, मोझांबिकला आणखी चौदा वर्षं लागली.

त्या मधल्या काळात, १९६४ मध्ये, बावीस वर्षांच्या लुईस बर्नार्डो होन्वाना यांचा एकमेव महत्त्वाचा कथासंग्रह आला आणि त्याच वर्षी त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. त्यातली ‘काळ्यांचे हात’ ही जेमतेम दोनतीन पानांची कथा. एक मुलगा विचारत फिरतो, की काळ्या माणसांचे तळवे अंगापेक्षा उजळ का असतात? मास्तर सांगतात, त्यांचे पूर्वज चार पायांवर चालत, म्हणून तळव्यांना ऊन लागलं नाही. पाद्री सांगतात, ते लपून हात जोडून प्रार्थना करत म्हणून. कुणी म्हणतं, पांढरा कापूस वेचून वेचून. प्रत्येकाचं उत्तर ज्याच्या त्याच्या खुर्चीवरून आलेलं. शेवटी आई आधी खूप हसते आणि मग सांगते, माणसं जे करतात ते सारख्याच हातांनी करतात, हे दिसावं म्हणून देवाने ते तसे केले. सांगून झाल्यावर ती मुलाच्या हातांचे मुके घेते. मुलगा अंगणात खेळायला जातो तेव्हा आई रडत असते, आणि कुणी मारलेलं नसताना एवढं रडताना त्याने कुणाला पाहिलेलं नसतं.

भाषांतर करताना किंवा चर्चेत कुठला शब्द टाळावा?

‘टोळी’. ‘ट्राइब’ला मराठीत सरसकट ‘टोळी’ लिहितात. इग्बो लोक काही कोटी आहेत. त्यांची भाषा, बाजार, पंचायती, शेतीचं वर्षाचं गणित, सगळं आहे. त्यांना टोळी म्हटलं की डोळ्यांसमोर लुटारू येतात. ‘समाज’ म्हणा, किंवा नुसतं ‘इग्बो लोक’. तसंच ‘विच डॉक्टर’ दिसलं की ‘चेटक्या’ लिहू नका. आपल्याकडे भगत, देवऋषी, कौल लावणारा, वैदू असे किती नेमके शब्द आहेत. तो माणूस कथेत काय करतो ते बघा आणि त्यातला योग्य शब्द घ्या.

पुरस्कारांमुळे या कथा परदेशी वाचकाला हव्या तशा लिहिल्या जातात, हे खरं का?

आफ्रिकी कथेसाठीचा केन पुरस्कार २००० पासून ब्रिटनमधून दिला जातो आणि त्याने अनेक चांगले लेखक पुढे आणले. पण दडपण असतंच. अदिची यांच्या ‘जम्पिंग मंकी हिल’ मध्ये केपटाउनजवळच्या एका महागड्या विश्रामस्थळी लेखकांची कार्यशाळा भरते. तिथला ब्रिटिश मार्गदर्शक सेनेगलच्या लेखिकेला सांगतो की तिची कथा आफ्रिकेचं खरं चित्र नाही, आणि नायजेरियाच्या उजुन्वाने लिहिलेला प्रसंग त्याला न पटणारा वाटतो. तो तिच्यावरच गुदरलेला असतो. ओबीच्या शाळेतला तपासणी अधिकारी आठवा. पन्नासेक वर्षांनी तो साहित्याच्या कार्यशाळेत येऊन बसला आहे.

या कथा मोठ्यानेच का वाचायच्या?

कारण बऱ्याच जणींनी आणि जणांनी त्या कानासाठी लिहिल्या आहेत. ऐडू यांच्या ‘इन द कटिंग ऑफ अ ड्रिंक’ मध्ये बारा वर्षांपूर्वी हरवलेल्या बहिणीला शोधायला आक्राला गेलेला भाऊ गावात परत येऊन सगळ्यांना हकीकत सांगतो आहे. मध्येच थांबतो, घसा कोरडा पडला, ओता जरा, म्हणतो. ऐकणारे उसासे टाकतात. डोळ्यांनी वाचताना हे अर्धंच पोचतं.

एकच कथा वाचायला वेळ असेल तर?

मग अचेबे, सालिह बाजूला ठेवून ऐडू यांची ‘फॉर हूम थिंग्ज डिड नॉट चेंज’ वाचा. झिरिगू हा सरकारी विश्रामगृहाचा म्हातारा खानसामा. आयुष्यभर गोऱ्या साहेबांसाठी विलायती जेवण शिजवलं. आता साहेब काळे आहेत आणि मागणी तीच आहे. घरी बायको रांधते तेव्हा तो पुरुष असतो, गोऱ्यांसाठी रांधतो तेव्हा तो बाई होतो. मग काळ्यांसाठी रांधणारा काळा माणूस कोण, असा प्रश्न कथेत येतो. कोबिना नावाचा तरुण डॉक्टर तिथे उतरतो. त्याला झिरिगूने साहेब म्हणू नये असं वाटतं. त्याच्याशी तो माणसासारखं बोलायला बघतो आणि म्हातारा बावरून जातो. हळूहळू दोघांत थोडा विश्वास तयार होतो, आणि मग झिरिगू धीर करून आपल्या तरुण साहेबाला विचारतो, की स्वातंत्र्य म्हणजे काय असतं? कथा त्या प्रश्नावर थांबते.